शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला किती दिसते, हेही विचारावे : नेत्रसेवेचे नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नेत्रसेवेच्या योजना आखणारे अधिकारी, त्यांना निधी देणाऱ्या संस्था आणि नेत्ररुग्णालयांची व्यवस्थापन मंडळे यांस

सविनय नमस्कार.

मी सामुदायिक नेत्रतज्ज्ञ आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करते, काचबिंदूचे रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळते आणि जे रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत त्यांच्या वस्तीत जाऊन डोळे तपासते. आपण आमच्याकडून जो अहवाल मागवता त्यात एक रकाना सर्वांत ठळक असतो : या काळात मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या. पुढचे अनुदान, पुढची यंत्रसामग्री आणि पुढची पदे बहुतांशी त्याच आकड्यावर ठरतात. माझी विनंती अशी की त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा आणि निधी ठरवताना त्याला निदान तितकेच वजन मिळावे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला, त्याच्या हाती असलेल्या चष्म्यासह, किती दिसते हे त्या रकान्यात लिहिलेले असावे.

ही मागणी माझी एकटीची नाही आणि नवीही नाही. १९९९ साली ‘व्हिजन २०२०’ ही जागतिक मोहीम सुरू झाली, तेव्हा दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया होतात हा प्रगतीचा एक प्रमुख मापदंड मानला गेला. त्या वेळी तो योग्यच होता, कारण अनेक प्रदेशांत शस्त्रक्रिया मुळात होतच नव्हत्या. परंतु मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० पर्यंतची जी उद्दिष्टे स्वीकारली त्यांत मोजण्याची पद्धतच बदललेली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची ‘परिणामकारक व्याप्ती’ ३० टक्केबिंदूंनी आणि चष्म्याच्या नंबरासाठीच्या सेवेची परिणामकारक व्याप्ती ४० टक्केबिंदूंनी वाढवायची, असे ते उद्दिष्ट आहे. यातील ‘परिणामकारक’ या अटीचा अर्थ असा की ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती किंवा आहे अशा सर्वांना छेदात धरायचे आणि अंशात मात्र ज्यांची शस्त्रक्रिया होऊन ज्यांना आता ६/१२ (म्हणजे निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारे ६ मीटरवरून) किंवा त्याहून चांगले दिसते त्यांनाच घ्यायचे. शस्त्रक्रिया झाली पण दिसत नाही, असा माणूस या हिशेबात सेवा न मिळालेल्या माणसाबरोबरच मोजला जातो. मला हा हिशेब अत्यंत न्याय्य वाटतो, कारण रुग्णही आपल्या डोळ्याचा हिशेब असाच करतो. प्रश्न एवढाच आहे की उद्दिष्ट स्वीकारून काही वर्षे झाली तरी खालच्या पातळीवरच्या अहवालांचे नमुने बहुतेक ठिकाणी जुनेच आहेत.

संख्येला मी कमी लेखत नाही. मोतीबिंदू हे आजही जगातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचे किंवा दूरचे नीट दिसत नाही, आणि त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दृष्टिदोष टाळता आला असता किंवा अजूनही त्यावर उपाय व्हायचा राहिला आहे. एवढे काम समोर असताना शस्त्रक्रिया वाढायलाच हव्यात. माझी हरकत आहे ती एकाच आकड्यावर सगळी यंत्रणा हाकण्याला. जे मोजले जाते तेवढेच नीट केले जाते आणि जे मोजले जात नाही त्याला वेळ उरत नाही, हे मी ज्या ज्या ठिकाणी काम केले तिथे पाहिले आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची असते असे आम्हीच लोकांना सांगतो, आणि ते खरे आहे. पण त्या दहा-पंधरा मिनिटांनी दृष्टी ठरत नाही. ती त्याआधीच्या मोजमापांनी आणि त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांनी ठरते. डोळ्यात कोणत्या नंबराचे कृत्रिम भिंग बसवायचे हे पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, वक्रतेवरून आणि डोळ्याच्या लांबीवरून काढतात. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर रुग्णाला सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात ते) नंबर राहून जातो. डोळ्याला टेकवून मोजणी करणारे यंत्र घाईत किंचित जास्त दाबले गेले तर पारपटल आत दबते, डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो, जास्त शक्तीचे भिंग बसते आणि रुग्णाला दूरचे धूसर दिसू लागते. शस्त्रक्रिया निर्दोष झालेली असते, अहवालात ती यशस्वी म्हणून नोंदलेली असते, आणि रुग्ण मात्र घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगतो की ऑपरेशनचा काही उपयोग झाला नाही. असे एक वाक्य त्या वस्तीतील पुढच्या अनेकांना आमच्या दारापासून दूर ठेवते. मोजमाप करणाऱ्या तंत्रज्ञाला प्रत्येक डोळ्यासाठी पुरेसा वेळ मिळणे, यंत्राची पडताळणी ठरलेल्या वेळी होणे आणि सर्व नंबरांची भिंगे साठ्यात असणे, या गोष्टी कोणत्याही अहवालात दिसत नाहीत. पण दृष्टी मोजू लागलो की त्यांचा परिणाम लगेच दिसू लागतो.

जंतुसंसर्गाचेही असेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण घालून त्याला पुरेशी मिनिटे काम करू देणे हा आज सर्वमान्य नियम आहे. युरोपातील मोतीबिंदू शल्यचिकित्सकांच्या संघटनेने केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत सेफ्युरॉक्झिम हे प्रतिजैविक दिल्याने आतील संसर्गाचे प्रमाण सुमारे पाचपटीने घटल्याचे दिसून आले. हा संसर्ग विरळा असतो, पण झाला तर डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. दिवसाच्या शस्त्रक्रिया दुप्पट करायच्या आणि उपकरणांचे संच मात्र तेवढेच ठेवायचे, असा निर्णय जेव्हा कागदावर होतो तेव्हा दोन रुग्णांमधील निर्जंतुकीकरणाच्या वेळेवर ताण येतो. हा ताण निर्णय घेणाऱ्याला जाणवत नाही, तो परिचारिकेला जाणवतो. म्हणून शस्त्रक्रियांचे लक्ष्य वाढवणाऱ्या प्रत्येक आदेशासोबत उपकरणांचे संच, निर्जंतुकीकरणाची क्षमता आणि परिचारिकांची संख्या किती वाढवली हेही लिहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे.

यानंतर शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांविषयी, कारण आमच्या सेवेची सर्वांत कमकुवत बाजू तीच आहे. पट्टी निघाल्यावर रुग्णाला बरे दिसू लागते आणि सगळे जण तिथेच थांबतात. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी डोळ्याचा दाब, जखम आणि आतील सूज पाहावी लागते; पहिल्या आठवड्यात संसर्गाकडे लक्ष ठेवावे लागते; आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी जखम स्थिरावली की चष्म्याचा अंतिम नंबर काढावा लागतो. ही शेवटची पायरी सर्वाधिक गाळली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या निकालांसाठी जी मार्गदर्शक प्रमाणे सुचवली ती मला येथे फार बोलकी वाटतात. रुग्णाजवळ असलेल्या चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांची दृष्टी ६/१८ किंवा अधिक चांगली असावी, आणि अचूक चष्मा लावून पाहिल्यास हे प्रमाण किमान ९० टक्के असावे, असे त्यात म्हटले आहे. ६/६० पेक्षा कमी दृष्टी राहिलेले डोळे ५ टक्क्यांहून कमी असावेत, अशीही अपेक्षा आहे. ८० आणि ९० यांच्यामध्ये जे अंतर आहे ते भरून काढायला शल्यचिकित्सक लागत नाही. तिथे एक प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट किंवा नेत्रसहायक, नंबर तपासण्याची पेटी आणि रुग्णाच्या हाती पडणारा चष्मा लागतो. शस्त्रक्रिया मोफत आणि चष्मा मात्र रुग्णाने आपला आपण पाहावा, अशी योजना आखणे म्हणजे शेवटच्या टप्प्यावर काम अर्धे सोडून देणे होय. ज्या योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च आहे त्याच योजनेत शस्त्रक्रियेनंतरच्या चष्म्याचा आणि, पुढे भिंगाच्या मागची पिशवी धुरकट झाल्यास, काही मिनिटांत होणाऱ्या याग लेसरचाही खर्च धरलेला असावा.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते : रुग्ण परत येतच नाहीत, मग निकाल मोजायचा कसा? ही अडचण खरी आहे. लांबचा प्रवास, सोबतीला माणूस नसणे, बुडणारी मजुरी, ही कारणे मी रुग्णांच्या तोंडून ऐकते. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत तर सोबतीला कोणी आहे का यावरच सगळे अवलंबून असते. परंतु या अडचणीवर अभ्यास झालेला आहे. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील ४० रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन दिवसांत मोजलेली दृष्टी आणि ४० किंवा अधिक दिवसांनी मोजलेली दृष्टी यांची तुलना त्यात होती. रुग्णालयाच्या कामाचा दर्जा पाहण्यासाठी सुरुवातीच्या त्या मोजणीवर विसंबता येते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. रुग्णालय सोडण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला दृष्टितक्त्यासमोर उभे करणे कोणत्याही रुग्णालयाला शक्य आहे. तेव्हा रुग्ण परत येत नाहीत हे कारण निकाल न मोजण्यासाठी पुरेसे नाही. नंतरची भेट अर्थातच हवी, कारण चष्मा आणि उशिराची गुंतागुंत त्याच भेटीत कळते. पण ती भेट रुग्णाच्या गावाजवळच्या दृष्टिकेंद्रात झाली तरी चालते, प्रत्येक वेळी त्याला मुख्य रुग्णालयापर्यंत ओढत आणण्याची गरज नाही.

दुसरे उत्तर असते की दर्जाकडे एवढे लक्ष दिले तर संख्या घटेल. माझा अनुभव याच्या उलट आहे, पण माझ्या अनुभवापेक्षा भक्कम पुरावे उपलब्ध आहेत. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत ११ खाटांनिशी सुरू केलेले अरविंद नेत्ररुग्णालय आज जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवांपैकी एक आहे, आणि निकालांची व गुंतागुंतीची पद्धतशीर नोंद ठेवणे हा त्या संस्थेच्या कार्यपद्धतीचाच भाग आहे. नेपाळमध्ये डॉ. सँडुक रुइत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली आणि २००७ साली प्रसिद्ध झालेली तुलनाही येथे सांगण्याजोगी आहे. पक्व मोतीबिंदूच्या रुग्णांत त्यांनी फेको (यंत्राच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची पद्धत) आणि लहान छेदाची बिनटाक्याची हाताने करायची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतील ९८ टक्के रुग्णांची, अचूक चष्म्यासह, दृष्टी ६/१८ किंवा अधिक चांगली होती. आणि हाताने करायच्या पद्धतीला वेळही कमी लागला, खर्चही कमी आला. महागडे यंत्र घेतल्याने निकाल आपोआप सुधारत नाहीत, हे यंत्रखरेदीचे प्रस्ताव मंजूर करताना आपण ध्यानात घ्यावे. कुशल हात, नीट मोजमाप आणि शिस्तशीर निर्जंतुकीकरण जिथे आहे तिथे दोन्ही पद्धतींनी उत्तम काम होते.

संख्येच्या हिशेबातला आणखी एक दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शस्त्रक्रिया मोजल्या जातात, माणसे मोजली जात नाहीत. ज्याचा एक डोळा आधीच चांगला आहे आणि दुसऱ्यात सुरुवातीचा मोतीबिंदू आहे, अशा शहरातील रुग्णाची शस्त्रक्रिया आणि दोन्ही डोळ्यांनी काही न दिसणाऱ्या, घरातच बसून असलेल्या वृद्धेची शस्त्रक्रिया, या दोन्ही अहवालात एक-एक अशाच पडतात. पहिला रुग्ण स्वतः चालत येतो, त्याचा मोतीबिंदू मऊ असतो, शस्त्रक्रिया सोपी असते. दुसरीला शोधायला कोणीतरी घरोघर फिरावे लागते, तिला आणण्याची सोय करावी लागते, आणि तिचा मोतीबिंदू इतका कठीण झालेला असतो की गुंतागुंतीची शक्यता अधिक असते. लक्ष्य फक्त आकड्याचे असेल तर यंत्रणा कोणाकडे वळेल हे सांगायला नको. जगातील दृष्टिहीनांत आणि दृष्टिदोष असलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे, सुमारे ५५ टक्के. आणि त्यामागे वयोमान असले तरी सेवेपर्यंत न पोहोचणे हेही मोठे कारण आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टी, तीही दोन्ही डोळ्यांची, आणि रुग्ण स्त्री आहे की पुरुष, एवढी नोंद अहवालात आली तरी सेवा कोणापर्यंत गेली हे आपल्याला समजेल.

येथे मला एका धोक्याची पूर्वसूचना द्यायची आहे, कारण माझ्या मागणीचा चुकीचा वापर होऊ शकतो. निकाल मोजायचे आणि वाईट निकालाला शिक्षा ठेवायची, असे झाले तर दोनच गोष्टी होतील : नोंदी खोट्या होतील किंवा अवघड रुग्ण नाकारले जातील. ज्याच्या मोतीबिंदूमागे काचबिंदूने नस सुकलेली आहे किंवा मधुमेहाने दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) बिघडलेले आहे, त्याला शस्त्रक्रियेनंतरही ६/१२ दिसणार नाही. तरीही त्याला चालता-फिरता येण्याइतकी दृष्टी मिळत असेल तर ती शस्त्रक्रिया करायलाच हवी. म्हणून कमी दृष्टी राहिलेल्या प्रत्येक डोळ्यासाठी कारण लिहावे : आधीचाच दुसरा आजार, शस्त्रक्रियेतील गुंतागुंत, की चष्मा न मिळणे. तीन कारणांवर उपाय तीन वेगळे आहेत. पहिल्यासाठी रुग्णाची निवड आणि त्याला आधी दिलेली प्रामाणिक माहिती सुधारावी लागते, दुसऱ्यासाठी शल्यचिकित्सकाचे प्रशिक्षण, तिसऱ्यासाठी चष्म्याची व्यवस्था. भिंगाची मागची पिशवी फाटणे आणि व्हिट्रियस (डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ) बाहेर येणे ही प्रत्येक शल्यचिकित्सकाच्या हातून कधी ना कधी होणारी गुंतागुंत आहे, आणि शिकाऊ डॉक्टरांच्या हातून ती अधिक होते. जो ती नोंदवतो त्याच्या पाठीशी व्यवस्थापन उभे राहिले तरच पुढचा डॉक्टर ती नोंदवील. हे आकडे रुग्णालयाने स्वतःच्या कालच्या कामाशी ताडून पाहण्यासाठी आहेत; रुग्णालयांची क्रमवारी लावण्यासाठी त्यांचा वापर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आतापर्यंत मी शस्त्रक्रियेविषयीच लिहिले, पण एका आकड्याच्या राज्याने सर्वाधिक नुकसान झाले आहे ते औषधोपचाराच्या नेत्रसेवेचे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. काचबिंदूचा रुग्ण बरा होऊन घरी जात नाही. त्याला रोज थेंब घालावे लागतात, ठरावीक काळाने दाब, नस आणि दृष्टिक्षेत्र तपासावे लागते, आणि एवढे करून मिळते काय, तर आहे ती दृष्टी टिकते. टिकवलेल्या दृष्टीसाठी आपल्या अहवालात जागाच नाही. त्यामुळे शिबिरात तपासताना मोतीबिंदू सापडला की रुग्णाला गाडीत बसवतात आणि डोळ्याचा दाब वाढलेला सापडला की चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. थेंब आयुष्यभर विकत घेणे आणि घालणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दुसरे मार्गही आहेत. टांझानियात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टिमोलॉलचे थेंब घेणाऱ्या गटात वर्षअखेरीस उपचार यशस्वी ठरलेले डोळे ३१ टक्के होते, तर डोळ्याचा दाब कमी करणारा ‘निवडक लेसर’ (एसएलटी) हा उपचार घेतलेल्या गटात ६१ टक्के. जिथे रुग्ण दर महिन्याला औषधासाठी येऊ शकत नाही तिथे लेसरचा विचार आधी व्हायला हवा, असे मला वाटते. पण त्यासाठी ते यंत्र आणि ते वापरणारा माणूस जिल्हा पातळीवर हवा, आणि मोतीबिंदूच्या लक्ष्यात न बसणाऱ्या यंत्राची मागणी यादीत कायम शेवटी राहते.

मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा आजार बराच काळ कोणतीही तक्रार न करता वाढतो. रुग्णाला दिसत असते तेव्हाच लेसर किंवा इंजेक्शनचा खरा उपयोग असतो. बेव्हॅसिझुमॅब हे डोळ्यात द्यायचे इंजेक्शन २०१३ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले आहे. पण तपासणी नेत्रविभागात ठेवून आणि मधुमेही रुग्ण दुसऱ्या विभागात ठेवून हा आजार वेळेवर सापडणार नाही. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातच दृष्टिपटलाचा फोटो काढण्याची सोय करावी आणि वर्षातून एकदा तो काढला गेला की नाही हे त्या विभागाच्या अहवालात विचारावे.

पारपटलावरच्या जखमेचे उदाहरण तर याहून साधे आहे. शेतात काम करताना डोळ्याला पात्याचा ओरखडा बसतो, तो दुर्लक्षित राहतो किंवा कोणीतरी स्टेरॉइडचे थेंब देते, बुरशी किंवा जंतू वाढतात, आणि पांढरा डाग कायमचा राहतो. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी अशा ओरखड्यांवर तीन दिवस, दिवसातून तीन वेळा, १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. येथे ना शस्त्रक्रियागृह लागले, ना नेत्रतज्ज्ञ. ज्या डोळ्यांना कधी पारपटलरोपणाची वेळच आली नाही ते डोळे कोणत्या रकान्यात मांडायचे, याचा विचार आपण कृपा करून करावा. चाळिशीनंतरच्या जवळच्या चष्म्याचेही तेच. अशा चष्म्याअभावी जवळचे न दिसणाऱ्यांची संख्या जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख आहे, आणि त्यांच्यासाठी लागणारी वस्तू नेत्रसेवेतील सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

आता नेमके काय करावे, याविषयी. मोठी संगणकप्रणाली विकत घेईपर्यंत थांबू नये. सध्याच्या अहवालात प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी चार गोष्टींची भर पुरेशी आहे : शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही डोळ्यांची दृष्टी, रुग्णालय सोडतानाची दृष्टी, चार ते आठ आठवड्यांनी हाती असलेल्या चष्म्यासह दृष्टी आणि ती कमी असल्यास कारण. तिसरी नोंद सर्व रुग्णांची मिळणार नाही; जेवढ्यांची मिळाली तेवढ्यांचे प्रमाणही लिहावे, कारण परत आलेल्यांचे प्रमाण हीच सेवेबद्दलची एक माहिती आहे. औषधोपचाराच्या बाजूने सुरुवातीला दोनच प्रश्न पुरेत. नोंदणी झालेल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी गेल्या वर्षभरात किती जण तपासणीला आले, आणि नोंदणी झालेल्या मधुमेहींपैकी कितींच्या दृष्टिपटलाची तपासणी झाली. शस्त्रक्रियेमागे मिळणारे अनुदान एकरकमी न देता त्याचा काही भाग नंतरच्या भेटीची नोंद आणि चष्मा दिल्याची नोंद आल्यावर द्यावा. मात्र तो भाग निकाल चांगला असण्यावर अवलंबून ठेवू नये, नोंद पूर्ण असण्यावर ठेवावा. यामागचे कारण मी वर दिलेच आहे. आणि नेत्रसहायकांची व ऑप्टोमेट्रिस्टची पदे शल्यचिकित्सकांच्या पदांबरोबरच मंजूर व्हावीत, कारण या नोंदींपैकी बहुतेक त्यांच्याच हातून होणार आहेत आणि आज एकेका माणसावर शिबिर, मोजमापे, नंबर तपासणी व लेखनिकाचे काम असा सगळा भार आहे.

पहिल्या वर्षी आकडे निराश करणारे येतील, हे मी आताच सांगून ठेवते. ज्या रुग्णालयाने कधी निकाल मोजले नाहीत त्याला ते पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो. कृपया त्या वर्षी कोणाचेही अनुदान कापू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी त्याच रुग्णालयाचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत आणि जिथे सुधारणा अडली आहे तिथे नेमकी कोणती मदत हवी आहे हे त्या लोकांना विचारावे.

पुढील वर्षाच्या अहवालाचा नमुना निश्चित होण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, नेत्रसहायक आणि शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण यांच्यासोबत आपण एक बैठक घ्यावी. रोजच्या गर्दीत प्रत्यक्ष भरता येईल असा एका पानाचा नोंदतक्ता मी तयार केला आहे. तो मी आपल्याकडे पाठवीन आणि बैठकीत तो दाखवण्यासाठी, तसेच त्यातील त्रुटी ऐकून घेण्यासाठी, आपण सांगाल त्या दिवशी येईन.

आपली विश्वासू,
एक सामुदायिक नेत्रतज्ज्ञ